सिस्टरचा फोन

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणशील, बाबांना पंधरवडा दम निघत नाही, मधेच कसं पत्र आलं. कारण असं की घरातलं नेट मेलं आहे आणि त्याच्याबरोबर फोनही गेला. आपलं घर रेल्वेच्या भरावाखाली, इथे फोनला रेंज कधीच नव्हती. जे काय बोलायचं ते वाय-फायवर. आता फोनचा उपयोग फक्त वेळ बघायला. काल मी पादचारी पुलावर चढून तुला फोन केला, तू ऑफिसातून घाईघाईत काहीतरी सांगितलंस, खालून मालगाडी गेली आणि घरी पोचेपर्यंत 'सेटिंग' या शब्दापलीकडे डोक्यात काही उरलं नाही. तेव्हा लिहून पाठव. सगळी नोकरी सिग्नल केबिनमध्ये लेखी हुकमावर गाड्या सोडण्यात गेली, तोंडी हुकूम मला अजून पचत नाही. आपल्या दोघांचा पत्रांचा परिपाठ मी काय उगाच ठेवला आहे?

झालं ते असं. परवा सकाळी राऊटरचा दिवा नारिंगी झाला, लुकलुकला, आणि तुझ्या आईच्या फोनवर निरोप आला की उपकरणाचं फर्मवेअर अपडेट झालं असून आता आपलं नेट अधिक सुरक्षित आहे. त्यानंतर ते इतकं सुरक्षित झालं की घरच्या माणसांनाही आत घेईना. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी फोन म्हणतो, जोडता येत नाही. मी पासवर्ड चष्मा लावून घातला, चष्मा काढून घातला. आईने तर मोठ्याने वाचूनही दाखवला. शेवटी हात टेकले. तुम्ही लोक चांगल्या चाललेल्या वस्तूला अपडेट का करता, हे एकदा मला समजावून सांग.

चेष्टा राहू दे. मला खरी काळजी सिस्टरच्या फोनची आहे. आईला घरी सोडताना डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले होते. हृदय दमलेलं आहे, अंगात पाणी साठू लागलं की ते आधी वजनात दिसतं, सूज मागाहून येते. म्हणून तर तो वजनकाटा दिला. ती रोज सकाळी त्यावर उभी राहते, आकडा वाय-फायवरून हृदयाच्या दवाखान्यात जातो, आणि वजन एकदम वाढलेलं दिसलं की सिस्टर फोन करते. फोन आला नाही तर सगळं ठीक समजा, असं तिने दोनदा बजावलं होतं. मागे तिचा तो एक फोन आला, आम्ही तसेच उठून गेलो, इंजेक्शनं दिली, पाणी उतरलं आणि संध्याकाळी आई घरी येऊन मलाच रागावत होती की दूध उघडं टाकून गेलात. त्या एका फोनने तिला वाचवलं. आता तो फोन पुन्हा आला तर वाजणार कशावर?

आकडा आम्हाला दिसत असता तर मीच बघितला असता. पण तो तूच लपवून ठेवला आहेस, आणि ते बरंच केलंस. आकडा जरा चढला की ती जेवण सोडते. आता काट्यावर नुसती बरोबरची खूण उमटते, ती बघून ती खाली उतरते आणि चहा मागते.

तेव्हा आधी फोन सुरू करण्याचं लिही. बाकी सगळं मागाहून. आईचे आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, राग तेवढा राऊटरवर आहे.

तुझा
बाबा

*

दि. ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं आणि ऑफिसातच वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, हसतेस काय एवढी. चष्म्याची गंमत त्यांना सांगितली. त्यांच्याकडेही याच कंपनीचा राऊटर आहे आणि त्यांच्या घरीही परवापासून हाच गोंधळ चालू आहे. त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी लिहिते. नाहीतर तुम्ही रात्रंदिवस त्याच्याशी भांडत बसाल.

दोष अपडेटचा आहे. राऊटरचं दार तेच राहिलं, पण आतलं कुलूप नव्या पद्धतीचं बसलं. तुमच्या फोनला जुन्या कुलपाची सवय, म्हणून तो जुन्या पद्धतीने किल्ली फिरवत बसतो. त्याला आधी जुनं विसरायला लावायचं. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय उघडा, आपल्या घरच्या नावावर बोट थोडा वेळ दाबून ठेवा, 'नेटवर्क विसरा' असं येईल, ते दाबा. घाबरू नका, काही पुसलं जात नाही. मग फोन बंद करून चालू करा, पुन्हा तेच नाव शोधा आणि पासवर्ड नव्याने घाला. चष्मा लावून. टीव्हीलाही हेच करा.

राऊटरच्या पोटात शिरून आणखी काही बदलता येतं, पण ते मी तिथे आले की करीन. तुम्ही आत हात घातलात आणि भलतंच बटण दाबलं तर मला तुम्हाला पुलावरून शोधावं लागेल. एकदा फोन जोडला गेला की बाकीच्या वस्तूंची काळजी करू नका. पासवर्ड बदललेला नाही, त्यामुळे त्या आपापल्या परत येतील.

आमच्याकडेही अपडेटांचा हंगाम आहे. सगळ्या इमारतीची यंत्रं एकाच आठवड्यात नवी करायचं वरच्यांच्या मनात आलं, आणि मी सकाळपासून जिने चढते आहे. जेवायलाही फुरसत नाही, पण हे आईला वाचून दाखवू नका. तिला सांगा, मी वेळेवर जेवते.

फोन लागला की आधी आईला बोलू द्या. तुम्ही पत्रच लिहा, तुमचं फोनवरचं 'हं, हं' मला कळत नाही. आशीर्वाद असू द्या.

तुमची
ठकी

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फत्ते! तुझा कागद राऊटरशेजारी भिंतीला चिकटवला आणि एकेक ओळ वाचत गेलो. आई मागे उभी राहून देखरेख करत होती. 'नेटवर्क विसरा' म्हटल्यावर तिने माझा हात धरला. म्हणाली, ते विसरलं आणि परत आठवलंच नाही तर? मी म्हटलं, ठकीने लिहिलंय ना. दाबलं. विसरला. पासवर्ड घातला आणि फोन असा जोडला गेला की जणू मधे काही झालंच नव्हतं. जीव भांड्यात पडला. टीव्हीही लागला, त्याचं मला विशेष सुख नाही.

तरी मी गाफील राहिलो नाही. शेजारच्या शिंपीकाकांना मुद्दाम पुलावर पाठवलं आणि तिथून आपल्या फोनवर फोन करायला लावला. वाजला. पुन्हा करायला लावला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा काका चिडले, त्यांच्या मशीनवर कुणाचा तरी कोट अर्धा शिवून पडला होता. पण आता माझी खात्री झाली. सिस्टरने कधीही फोन करावा, इथे तो वाजणार. काट्यावरची खूणही रोज उमटते आहे, म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे तो आपापला परत आला. फोन काही आलेला नाही. त्यावरून समज की सगळं छान आहे.

आणि खरंच छान आहे. आईचे गाल भरलेत. हॉस्पिटलातून आली तेव्हा कशी दिसत होती, तुला आठवतं. आता तोंडावर तजेला आहे, अंगठी बोटात जरा घट्टच होते म्हणाली. अळणी जेवणावरून कटकट आहेच, पण मीठ मी कुलपात ठेवलं आहे. दुपारी बरीच झोपते, ते थंडीने असेल. तिलाही तुला लिहायचं आहे, पण मला वाचू देणार नाही म्हणते. नवराबायकोत अशी गुपितं या वयात सुरू होतील असं वाटलं नव्हतं.

तू जेवत जा. मी तिला वाचून दाखवलं नाही, तिने माझ्या हातून पत्र ओढून घेऊन वाचलं. लोभ वाढवत राहा, आमच्याकडून कमी पडणार नाही.

तुझा
बाबा

*

दि. २० फेब्रुवारी

चि. ठकीस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी शिंपीकाकांच्या हातून टाकते आहे. तुझे बाबा फुलांना पाणी घालायला गेलेत, तेवढ्यात लिहून होईल तेवढं लिहिते. तू म्हणशील, आईने एवढं काय लपवलं. काही नाही गं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मग मला श्वाससुद्धा चोरून घ्यावासा वाटतो.

तू लावून दिलेलं नेट चालू झाल्यापासून त्यांना राज्य मिळाल्यासारखं झालं आहे. सकाळी उठून आधी राऊटरचा दिवा बघतात, मग माझं तोंड. मी काट्यावर उभी राहिले की तेही शेजारी उभे. खूण उमटली की गाडी सोडल्यासारखा हात हलवतात. मला हसू येतं. हसले की धाप लागते, म्हणून आता हसतही नाही जास्त.

तुला एक सांगते, त्यांना लिहू नकोस. मी सध्या रात्री खुर्चीत बसून झोपते. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. आधी दोन उशा घेत होते, मग तीन घेतल्या, मग म्हटलं सरळ खुर्चीच बरी. त्यांना सांगितलं की कंबर धरली आहे. आणि पायात दिवसभर लोकरी मोजे घालते. थंडी आहे हे खरंच, पण चपला चढत नाहीत हेही खरं. बसून बसून लठ्ठ झाले आहे, दुसरं काय!

मी आधी घाबरले होते. मग विचार केला, तसं काही असतं तर सिस्टरचा फोन आलाच असता. मागच्या वेळी मला काही कळायच्या आधी तिला कळलं होतं. रोज माझा आकडा तिच्याकडे जातो आहे, ती शिकलेली बाई, ती गप्प आहे तर मी कशाला बोंब मारू. आता पुन्हा हॉस्पिटल म्हटलं की तुझे बाबा अर्धे होतात. मागच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी काय केलं ते मला शिंपीकाकांनी सांगितलं. तो माणूस घरात कधी रडलेला मी पाहिला नव्हता.

तू उन्हाळ्यात येशील तेव्हा मला नव्या चपला आण, एक माप मोठं. जेवत जा. अंगावर काढू नकोस काही, माझ्यासारखं. तुझ्या लोभावरच मी तग धरून आहे.

तुझी
आई

*

दि. २१ फेब्रुवारी

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा विजयाचा वृत्तांत मी दोनदा वाचला. शिंपीकाकांची माझ्याकडून माफी मागा. आई, तुझे गाल भरले हे वाचून इतका आनंद झाला की त्या दिवशी मी खरोखर वेळेवर जेवले. तुझं पत्र अजून आलेलं नाही. गुपितं लवकर पाठव, शिळी झाली तर मजा जाते.

इथलं काम आता संपत आलं आहे. या आठवड्यात आमच्याकडे एक विचित्र प्रकार झाला. अपडेटनंतर सगळे कॉम्प्युटर जोडले गेले, सगळे खूश झाले, आणि नंतर कळलं की जुने प्रिंटर एकही जोडलेले नाहीत. ते नुसते चालू होते, दिवे लागलेले, कागद भरलेले, पण छापायला पाठवलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. जुनी यंत्रं नवं कुलूप शिकूच शकत नाहीत. लोकांची कामं खोळंबली तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

बाबा, यावरून आठवलं. दवाखान्यात सिस्टरला एकदा फोन करून विचाराल का, की आईचे आकडे येत आहेत ना? येतच असतील, तरी विचारा. नाहीतर इथलं काम संपलं की मीच करते, तुम्ही फोनवर 'हं, हं' कराल. बाकी सर्व क्षेम. दोघांचाही आशीर्वाद असू द्या.

तुमची
ठकी

*

दि. १९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. पोचल्याचा फोन केला होता, पण तेवढंच सांगून ठेवून दिला, म्हणून लिहिते आहे. वाटेत गाडीत काही खाल्लं नाही. घरी आल्यावर दारातच बसून राहिले. मग शेजारच्या बाईंनी चहा आणून दिला.

तिथे होते तेव्हा हे तुम्हाला तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही. सगळं उरकल्यावर तुम्ही झोपला होतात, तेव्हा मी राऊटरच्या आत जाऊन बघितलं. त्यात जोडलेल्या वस्तूंची नावं दिसतात. तुमचा फोन होता, आईचा होता, टीव्ही होता. काटा नव्हता. अपडेट झालं त्या सकाळपासून तो नव्हताच. बाबा, ती बरोबरची खूण फक्त वजन घेतल्याची होती, पाठवल्याची नव्हे. आकडा लपवताना मी ती खूण तशीच ठेवली, म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसत राहील म्हणून. आणि मीच लिहिलं होतं की बाकीच्या वस्तू आपापल्या परत येतील. तेव्हाच तिकडे येऊन पाच मिनिटं त्या राऊटरमध्ये बघितलं असतं तर आई आज असती. मी दिवसभर लोकांच्या घरचं, ऑफिसातलं हेच काम करते.

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर आईच्या नावापुढची रेघ कोरी राहिली असणार. असले प्रोग्रॅम मला माहीत आहेत. आकडा वाढला की रेघ लाल होते. कोरी रेघ लाल होत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सिस्टरला दोष देता येत नाही, मीसुद्धा माझ्या टेबलावर जे लाल होतं तेवढंच बघते.

राऊटरच्या कंपनीने चूक झाल्याचं कळवलं आहे. जुन्या उपकरणांसाठी दुरुस्त केलेलं अपडेट काही दिवसांत आपोआप येणार आहे. वाचून मला ते पत्रक फाडावंसं वाटलं.

आई मोठ्या हॉस्पिटलात गेली, त्यामुळे हृदयाच्या दवाखान्याला अजून काहीच कळवलेलं नाही. काटाही त्यांचा आहे. मी कळवू का? तुम्ही जेवता का? खरं लिहा. मला क्षमा करा असं लिहायला हात धजत नाही, पण आशीर्वाद मागते.

तुमची
ठकी

*

दि. २७ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस उशाशी ठेवलं होतं. आज उत्तर लिहितो आहे. आधी एक गोष्ट नीट वाच. पुन्हा कधी मला असं लिहायचं नाही. तू तिकडे होतीस, मी इथे होतो. ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्या सकाळचं मी तुला सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. ती कपाटाला धरून काट्यावर चढली. खूण उमटली. मी हात हलवला. तिने विचारलं, नेट चालू आहे ना, मी हो म्हटलं. मग केस विंचरायला बसली आणि फणी हातातून पडली. तिला श्वास येईना. शिंपीकाकांनी गाडी काढली, दवाखाना लांब म्हणून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे मोजे कापून काढले आणि मला विचारलं, पाय असे केव्हापासून आहेत. ठके, मी ते पाय तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दुपारच्या आत सगळं संपलं. तिची शाल न्यायला घरी आलो तर सिस्टरला फोन करून विचारा म्हणणारं तुझं पत्र दारात पडलेलं होतं. उभ्या उभ्या वाचलं.

केबिनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर तो लाल समजायचा. दिवाच नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं समजणाऱ्याला तिथे कुणी उभं करत नाही. मी नव्या पोरांना हे घसा फोडून सांगत असे. एका पोराला तर त्यावरून कामावरून काढायला लावलं होतं. आणि घरात मी महिनाभर सिस्टरचा फोन वाजत नाही म्हणून खुशीत होतो.

दवाखान्याला मी कळवीन. तेवढं काम माझ्याकडे राहू दे. काटा अजून पलंगाशेजारीच आहे, तो उचलायला कुणी येईल या विचारानेच मी आज नको, उद्या बघू असं करतो. जेवतो आहे. शिंपीकाका डबा आणून देतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसतात, त्यामुळे सुटका नाही. मीठ अजून कुलपातच आहे, काढायचं लक्षात राहत नाही.

लोभ कमी करू नकोस. आता तेवढाच आहे.

तुझा
बाबा

*

दि. २ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. थोडंच लिहिते. सुट्टी मागितली होती, आत्ताच एवढी घेऊन झाली म्हणून मे महिन्यात बघू म्हणाले. मी भांडले नाही. भांडायची ताकद नव्हती.

तो राऊटर बंद करून ठेवावासा वाटत असेल तर ठेवा, मला समजेल. पण मग फोनही बंद होईल, आणि मला रविवारी तुमचं 'हं' ऐकायला मिळणार नाही. तेवढ्यासाठी चालू ठेवा, ही विनंती. मी तिकडे यायला निघताना दारात हाती पडलेलं आईचं ते पत्र माझ्या पर्समध्ये असतं. चपलांची ओळ आली की मला पुढे वाचवत नाही.

दवाखान्याला कळवलंत का? नसेल जमत तर मला सांगा. आशीर्वाद असू द्या.

तुमची
ठकी

*

दि. ११ एप्रिल

चि. ठकीस,
आशीर्वाद.

दवाखान्याला मी कळवलं नव्हतं. आता कळवलं आहे. कसं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल सकाळी राऊटरचा दिवा पुन्हा नारिंगी झाला आणि लुकलुकू लागला. तू म्हणालीस ते दुरुस्त अपडेट हेच, एवढं मला कळलं. मी त्याच्याकडे पाठ करून केर काढायला घेतला. पलंगाखालून झाडताना काट्याला केरसुणी लागली, तो जागा झाला, त्याचा दिवा जरा वेळ लागला आणि विझला. मी तो होता तिथे सरळ करून ठेवला. नंतर शिंपीकाकांचा डबा आला, जेवलो, भांडी घासत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

सिस्टर होती. तीच, आपली. तिने मला नावाने ओळखलं आणि म्हणाली की बाईंचं वजन फारच वाढलं आहे, इतकं की तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नंतर समजलं ते असं की नेट नसताना काटा आकडे पोटात साठवून ठेवतो. आईच्या त्या सगळ्या सकाळी त्याच्याकडे होत्या. नेट नाही तर त्याला तारीखही कळत नाही, म्हणून त्या सगळ्या एकदम गेल्या आणि सगळ्यांवर कालचीच तारीख पडली. पण हे मला नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच समजलं की सिस्टरचा फोन आला आहे.

ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. पाय सुजलेत का, तर हो, चपला चढत नाहीत. झोप कशी आहे, तर आडवं होता येत नाही, खुर्चीत बसून झोपते. धाप लागते का, तर हसलं तरी लागते. तुझ्या आईच्या पत्रातलं तू मला वाचून दाखवलं होतंस ते सगळं मी तिला नीट, न चुकता सांगितलं. एकदाही 'हं' म्हटलं नाही. सिस्टर म्हणाली, काही वेळ घालवू नका, कपडे वगैरे काही गोळा करू नका, आहात तसे बाईंना घेऊन या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते, आत्ता निघालात तर सगळं आटोक्यात येईल. मी म्हटलं, निघतोच.

फोन ठेवला. कोट घातला, बूट घातले, बंद बांधले. शिंपीकाकांना गाडी काढा म्हणून हाकही मारली. मग तिला उठवायला आतल्या खोलीत गेलो.

संध्याकाळी सिस्टरचा पुन्हा फोन आला, अजून का पोचला नाहीत म्हणून. तेव्हा तिला सांगितलं. मग त्या साठलेल्या आकड्यांचं तिनेच शोधून मला सांगितलं.

ठके, मे महिन्यापर्यंत थांबू नकोस, जमेल तशी ये. मला वेड लागलेलं नाही, काळजी करू नकोस. पण खोटं कशाला लिहू. फोन ठेवल्यापासून बुटाचे बंद बांधून होईपर्यंत मला खरोखर वाटत होतं की आपण वेळेत आहोत. तेवढा वेळ मी फार आनंदात होतो.

तुझा
बाबा